गणितात वर्गाच्या पुढे असलेल्या मुलाला शाळेत ऑनलाइन कार्यक्रम द्यावा का?

आपला मुलगा पाचवीत आहे, उदाहरणे सर्वांआधी सोडवून रिकामा बसतो आणि त्या वेळात त्याने टॅबवर पुढचे गणित करावे असे वर्गाच्या बाई सुचवतात. ते मान्य करावे का, असे आपण विचारले आहे. जरूर करावे, मात्र पुढची इयत्ता लवकर गाठण्यासाठी नव्हे.

माझी मुलगी नाशिकच्याच एका सेमी-इंग्रजी शाळेत शिकते. पाचवीत असताना तिला खान अकॅडमी हे गणिताचे धडे व सराव देणारे संकेतस्थळ सुरू करून दिले. तेथील धडे व सराव विनामूल्य आहेत. वर्ष संपायच्या आत ती सातवीच्या धड्यांपर्यंत पोहोचली आणि आम्ही सगळे हरखून गेलो. एके दिवशी मी सहज विचारले, की दीड मीटर कापडातून पाव मीटरचे किती तुकडे निघतील. तिने अपूर्णांक उलटा करून गुणले आणि ६ हे बरोबर उत्तर दिले. पण उलटा का करायचा, हे तिला सांगता येईना आणि कापडाची आकृतीही काढता येईना. मला फार वाईट वाटले, कारण दोष तिचा नव्हता. पडदा केवळ उत्तर मागत होता आणि कारण विचारणारे शेजारी कोणीच नव्हते.

त्यानंतर आम्ही मागे फिरलो. आधी त्याच संकेतस्थळावर चालू इयत्तेची 'कोर्स चॅलेंज' ही संपूर्ण अभ्यासक्रमावरची चाचणी देऊन कच्चे भाग शोधले, आणि ते पक्के झाल्यावर आर्ट ऑफ प्रॉब्लेम सॉल्व्हिंग या संकेतस्थळाचा 'अल्कुमस' हा कठीण प्रश्नांचा कार्यक्रम घेतला. तोही विनामूल्य आहे, त्यात मुलाच्या उत्तरांप्रमाणे प्रश्नांची काठिण्यपातळी बदलते, आणि शाळेत ओझरते येणारे मोजणीशास्त्र (एखादी गोष्ट किती प्रकारे करता येते ते मोजणे) व संख्या सिद्धांत (विभाज्यता, मूळ संख्या यांचे गणित) तेथे मनापासून शिकवले जाते. इंग्रजी मजकूर जड जातो, म्हणून सुरुवातीचे काही आठवडे शेजारी बसून प्रश्न मराठीत समजावून द्यावा लागतो. पाचवीतल्या मुलाने अल्कुमसची घाई करू नये.

बाईंशी बोलताना मी एवढेच ठरवून घेतले होते: आठवड्यातले दोनच तास टॅब, त्या कामाची वेगळी वही, प्रत्येक उत्तराखाली रीत, आणि शनिवारी एक उदाहरण तिने बाईंना फळ्यावर समजावून सांगायचे. असे काही ठरले नाही, तर टॅब हे हुशार मुलाला गप्प बसवण्याचे साधन होते, आणि ते मला मुलावर अन्याय करणारे वाटते.

कार्यक्रम निवडण्याआधी आपल्या नाशिकजवळच्या देवळालीच्या शाळेत आयुष्यभर शिकवलेल्या गणितज्ञ द. रा. कापरेकरांचे एक कोडे मुलाला द्यावे. चार अंकी संख्या घ्यायची, सगळे अंक सारखे नसावेत. अंक उतरत्या क्रमाने मांडून त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करायची, आणि आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच करायचे. ३५२४ घेतल्यास ३०८७, मग ८३५२, मग ६१७४ येते आणि तेथेच थांबते. अशी कोणतीही संख्या घेतली तरी जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येते (मध्ये ९९९ आल्यास ते ०९९९ असे लिहावे). नंतर तीन अंकी संख्या घ्यायला सांगावे. तेथे शेवट ४९५ वर होतो, आणि पहिल्याच वजाबाकीत दशकस्थानी ९ येतो (९९ आल्यास ते ०९९ असे लिहावे). तो ९ नेहमी का येतो, हे मुलगा स्वतः शोधून वहीत लिहू लागला, तर त्याला कठीण प्रश्नांचा कार्यक्रम निश्चिंतपणे द्यावा. आणि नुसतेच ४९५ सांगून पुढचे कोडे मागू लागला, तर आणखी काही महिने त्याच्याबरोबर वही घेऊन आपणच बसावे.