पाटल्या कपाटातच राहू द्या, आधी कार्ब्युरेटर उघडा

कन्नडहून एका रोपवाटिकावाल्या दादांचं पत्र आलं आहे. वडिलांनी 1998 मध्ये घेतलेली मारुतीची जिप्सी किंग ते मागच्या सीट काढून पिकअपसारखी वापरतात. मिरची-टोमॅटोची रोपं सिल्लोडला, आणि औट्रम घाट उतरून चाळीसगावकडे. वर्षाला साधारण 8,000 किलोमीटर, ॲव्हरेज 9. गेल्या मे महिन्यात घाटात ट्रॅफिक तुंबलं, तासभर रांगेत तापून गाडी बंद पडली आणि मिरचीच्या 6,000 रोपांनी माना टाकल्या. 9,000 रुपये गेले. गॅरेजवाला म्हणतो, कार्ब्युरेटर काढून फ्युएल इंजेक्शनचं जुनं इंजिन बसवू, 1,15,000 द्या, ॲव्हरेज 12 देईल. पैसे उभे करायला दादा घरातल्या पाटल्या पतसंस्थेत तारण ठेवणार आहेत, 12 टक्क्यांनी. ते विचारतात, हा खर्च करू का?

दादा, माझं उत्तर नाही असं आहे. पण तुमचा गॅरेजवाला तुम्हाला फसवतोय असं मात्र मला वाटत नाही. कंपनीनेच 2000 मध्ये याच गाडीत 16 व्हॉल्व्हचं एमपीएफआय, म्हणजे फ्युएल इंजेक्शनचं इंजिन आणलं. म्हणजे काम होण्यासारखं आहे आणि फायदाही खरा आहे. कार्ब्युरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा भाग. त्यात पेट्रोल एका छोट्या वाटीत साठतं. गाडी जागेवर तापली की त्याची वाफ होते, वाफेपुढे जुना पंप हतबल होतो. इंजेक्शनमध्ये पंप पेट्रोलला जवळपास 3 बार दाबाखाली ठेवतो, त्यामुळे वाफ सहजासहजी धरत नाही, आणि हवा किती, इंजिन किती तापलंय हे बघून ईसीयू, म्हणजे गाडीतला छोटा कॉम्प्युटर, पेट्रोलचं माप ठरवतो.

आता हिशोब. पेट्रोल 105 रुपये धरू. 9 च्या ॲव्हरेजने वर्षाला 889 लिटर लागतं, 12 ने 667. बचत सुमारे 23,300 रुपये. पण 12 हा आकडा मोकळ्या रस्त्यावर, रिकाम्या गाडीचा असणार. तुमची गाडी भरलेली, रस्ता घाटाचा आणि इंजिन दुसऱ्याने वापरलेलं. मी साडेदहा धरते. मग 127 लिटर वाचतात, म्हणजे 13,300 रुपये. आणि 1,15,000 वर 12 टक्क्यांनी पहिल्या वर्षाचं व्याजच 13,800 होतं. पेट्रोलमध्ये वाचलेला पैसा अख्खा पतसंस्थेत जाणार, वर 500 खिशातून, आणि मुद्दल आहे तिथेच. पुन्हा तुमचं आरसी, म्हणजे गाडीची नोंदणी, 2028 पर्यंतच आहे. त्यानंतर 20 वर्षांवरच्या कारला नूतनीकरणाची फी 10,000 रुपये आहे, पर्यावरण कर वेगळा, आणि गाडी तपासणीत पास व्हायला हवी. गॅरेजवाल्याचा 12 चा आकडा खरा धरला तरी पैसे फिटायला, व्याज न मोजता, पाच वर्षं लागतात.

तुमच्या पत्रात ॲव्हरेजपेक्षा मला घाटातला तो दिवस जास्त दिसला. तुमचं नुकसान तिथे झालं. म्हणून उत्तर लिहिण्याआधी मी मोंढा नाक्याजवळच्या एका जुन्या मिस्त्रींकडे जाऊन बसले. त्यांनी दुरुस्तीला आलेल्या एका जुन्या गाडीचा कार्ब्युरेटर माझ्यासमोर उघडला. वाटीच्या तळाशी पांढरट गाळ होता, पेट्रोल सोडणारं बारीक छिद्र, म्हणजे जेट, अर्धा बुजलेला. पेट्रोलचा रबरी पाइप बोटांनी दाबला तर फुगलेला, भाकरीच्या ओल्या पिठासारखा मऊ लागला. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. आपल्याच लातूर-धाराशिवच्या उसाचं इथेनॉल त्यात असेल, त्याबद्दल मला आनंदच आहे. पण 1998 चं रबर त्यासाठी बनलेलं नाही. इथेनॉल पाणी ओढून घेतं, जुनी टाकी आतून गंजते. आणि हे लक्षात घ्या, इंजेक्शन बसवलं तरी ती टाकी आणि ते पाइप बदलावेच लागतील. गंजाचा कण नव्या पंपात गेला की पंप बसला.

तेव्हा आधी हे करा. कार्ब्युरेटर पूर्ण उघडून साफ, नवं किट, इथेनॉल चालणारे पाइप, नवा फिल्टर, नवा पेट्रोल पंप, टाकी धुऊन, आणि पेट्रोलचा पाइप सायलेन्सरच्या उष्णतेपासून लांब. स्पार्क प्लग काढून बघा: काळे काजळलेले असतील तर पेट्रोल जास्त जातंय, पांढरे पडले असतील तर कमी. या सगळ्याला 15,000 ची मर्यादा घाला. मग टाकी फुल्ल करून दोन महिने किलोमीटर आणि लिटर वहीत लिहा. माझा अंदाज आहे की 9 चा आकडा तिथेच थोडा वर सरकेल.

आणखी दोन गोष्टी, आणि दुसरी मला जास्त काळजीची वाटते. इंजिन बदललं की आरसीवर नवा इंजिन नंबर चढवावा लागतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे त्यासाठी आरटीओची परवानगी आधी हवी. बिलाशिवाय आलेलं इंजिन चोरीचं निघालं तर निस्तरायचं तुम्हालाच. दुसरी गोष्ट विम्याची. खासगी कारच्या पॉलिसीत मालवाहतूक बसत नाही. मागच्या सीट काढून रोपांचे ट्रे भरलेल्या गाडीचा घाटात अपघात झाला तर कंपनी क्लेम नाकारू शकते, आणि समोरच्याची भरपाई तुमच्या शेतावर येऊ शकते. हा धोका इंजेक्शनने तसूभरही कमी होत नाही. म्हणून घाटातल्या फेऱ्यांना या सीझनपासूनच भाड्याची पिकअप लावा. भाडं रोपांच्या दरात धरा.

तारणाचे हप्ते दोन वर्षांत फेडायचे म्हटले तर महिन्याला 5,400 जातील. तेवढी ताकद तुमच्यात आहे, असं तुम्ही स्वतःच लिहिलंय. पण तुमचा पैसा महिन्याला येत नाही, लागवडीच्या हंगामात येतो. म्हणून दरमहा पैसे भरायच्या आरडीच्या मागे लागू नका. दरवर्षी हंगाम संपला की 60,000 रुपयांची एफडी करा. 2028 ला आरसी संपेल तेव्हा सव्वा लाखाच्या आसपास रक्कम हातात असेल. त्यातून जुनी, पण मालवाहू म्हणून नोंद असलेली, त्याच वर्गाचा विमा असलेली पिकअप घ्यायला डाऊन पेमेंट होतं.

जिप्सी विकाच, असं मी म्हणत नाही. वडिलांनी घेतलेली गाडी आहे, तुम्ही तिच्यावर चालवायला शिकलात असं लिहिलंय, ते वाचून मीही थांबले. तिला जपायचं असेल तर जपा. पुढे कधी इंजेक्शनही बसवा, साठलेल्या पैशातून, आरटीओला विचारून. फक्त तो खर्च घरच्या वहीत लिहा, रोपवाटिकेच्या नको. आणि वहिनींना हा हिशोब दाखवा. पाटल्या त्यांच्या आहेत, आणि त्यांचं मत तुमच्या पत्रात मला कुठेच दिसलं नाही.