रात्री दीडचं ‘ऑनलाइन’

“मॅडम, हे मला दहाला गुड नाइट करतात. आणि दीड वाजता बघावं तर ऑनलाइन! मग तेव्हा बोलतात कोणाशी?”

समुपदेशनासाठी माझ्याकडे आलेली चिपळूणजवळच्या गावातली ही मुलगी. नवरा चार वर्षं दुबईत. घरात सासूबाई आणि पहिलीतली लेक. (तिला विचारूनच लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदललेत.) बसल्या बसल्या तिने फोन माझ्यासमोर धरला. ‘लास्ट सीन’चे स्क्रीनशॉट, तारीखवार, शंभराच्या वर. इतकी काटेकोर नोंद मी माझ्या फायलींचीही ठेवत नाही.

हा प्रश्न माझ्याकडे वेगवेगळ्या तोंडांनी येतो. कुणाचा नवरा जहाजावर, कुणाची मैत्रीण जर्मनीत. व्हॉट्सॲपवर 2014 साली निळ्या टिका आल्या आणि ‘वाचलं, तरी उत्तर नाही’ हे एक नवंच दुखणं सुरू झालं. त्याआधी पत्र पोचलं नाही तर निदान पोस्टमनला बोल लावता यायचे.

पासवर्ड मागून घेऊ का, हा तिचा दुसरा प्रश्न. मावसभावाने व्हॉट्सॲप वेबची, म्हणजे नवऱ्याचे मेसेज दुसऱ्या स्क्रीनवर उघडून वाचायची, युक्तीही सांगून ठेवलेली. दोन्हीला मी नाही म्हटलं. “त्यांचं बाहेर काही आहे की नाही, हे मला इथे बसून सांगता येणार नाही. पण हे स्क्रीनशॉटही ते सांगत नाहीत. ॲप उघडं आहे, एवढंच त्यातून कळतं.” तिला ते पटलं नाही, आणि पहिल्याच भेटीत पटावं असं काही नव्हतंही.

मग मी विचारलं, “तुमचे दीड म्हणजे त्यांचे किती?”

“बारा,” ती पटकन म्हणाली आणि गप्प झाली. दीड तासाचा फरक तिला तोंडपाठ होता, फोन करताना रोज तोच हिशोब. संशय आला की मात्र ती आपल्या भिंतीवरचं घड्याळ बघायची.

नवऱ्याशी मी झूमवर बोलले. दुबईच्या जबेल अली बंदराकडच्या गोदामात कामाला, राहायला सोनापूर. मुंबईकराला सोनापूर म्हटलं की स्मशान आठवतं. दुबईत ते कामगारांच्या वसाहतीचं नाव आहे. दुपारची शिफ्ट रात्री अकराला सुटते, कंपनीच्या बसने खोलीवर यायला बारा. एका खोलीत सहा जण, दुमजली पलंग, त्याला पडदा. “पडद्याआड पडून मोबाइल बघतो, मॅडम. रील, क्रिकेट, गावचा ग्रुप. बोलणार कोणाशी? खालचा झोपलेला असतो.” दहाचं गुड नाइट तो जेवणाच्या सुट्टीत करायचा, बायकोला जागावं लागू नये म्हणून. हे त्याने तिला कधी सांगितलं नव्हतं. तिने कधी विचारलंही नव्हतं.

आता गंमत बघा. ही दोघं दिवसातून चार-पाच वेळा ‘बोलत’ होती. यूएईत व्हॉट्सॲपचा कॉल लागत नाही, म्हणून बोटिम या कॉलच्या ॲपवर. कॉल आला की फोन आधी सासूबाईंकडे, मग लेकीकडे, शेवटी हिच्याकडे, तोही सगळ्यांसमोर. जेवलात का, पैसे आले का, गॅस संपलाय. मध्येच चित्र अडकायचं, त्याचा एक डोळा अर्धा मिटलेला. चार वर्षांत दोघांना एकांताची दहा मिनिटं मिळाली नव्हती. स्क्रीनशॉट काढत ती जागायची, त्या वेळी तरी नवरा तिला एकटीला मिळत होता, असं मला वाटतं.

माझा पहिला उपाय साफ फसला. रोज रात्री एक तास ठरवून बोला, असं मी सांगितलं. पुस्तकी सल्ला! शिफ्ट बदलली की वेळ बदले, खोलीत मोठ्याने बोलता येईना, तो जिन्यात जाऊन उभा राही. वीस मिनिटांत विषय संपत आणि उरलेल्या चाळीसात भांडण होई. जियांग आणि हॅनकॉक या संशोधकांनी 2013 मध्ये मांडलं होतं की दूर राहणारी जोडपी एकमेकांपुढे मन जास्त मोकळं करतात. खरं असेल, पण ती लग्नाआधीची प्रेमात पडलेली जोडपी होती. शेजारी सासूबाई बसलेल्या नव्हत्या.

दुसऱ्या खेपेला मी कॉल कमी करायला सांगितले. त्याऐवजी दिवसाला एक आवाजी मेसेज, दोन-तीन मिनिटांचा, आणि त्यात घरखर्च नाही. मागीलदारी मासे साफ करता करता ती बोलायची. बसमध्ये कानाला लावून तो ऐकायचा. कुणी ऐकतंय म्हणून घाई नाही, चित्र अडकायची भीती नाही. ऐंशीच्या दशकात आखातातून कॅसेटमध्ये आवाज भरून येत असे, तोच प्रकार. उत्तर यायला महिना लागे, आता रात्र लागते एवढंच.

एकदा त्याने खोलीचा व्हिडिओ पाठवला. पलंग, पडदा, राइस कुकर, दोरीवरचे सहा जणांचे टॉवेल. तिने तो माझ्यासमोर तीनदा बघितला. “मला वाटायचं, हे बुर्ज खलिफाजवळ कुठेतरी राहतात,” ती म्हणाली. हसत होती की रडत होती, नीट सांगता येणार नाही.

‘लास्ट सीन’ ती अजून बघते. मी बंद कर म्हटलेलं नाही. स्क्रीनशॉट काढत नाही, असं सांगते, आणि मी तपासत नाही.

गेल्या महिन्यात आली तेव्हा तक्रार वेगळीच होती. सासूबाईंनाही मुलाला ‘ते आवाजाचं’ पाठवायचंय. बटण दाबून धरायचं असतं हे काही केल्या त्यांना उमगत नव्हतं. पाच-सहा वेळा नुसतंच टक टक झालं. शेवटी एक मेसेज गेला, पंचवीस सेकंदांचा. त्यात सुरुवातीला बराच वेळ त्यांचा श्वास आहे आणि मग सुनेला विचारलेलं, “गेलं काय गो?”