सीव्हीत लिहिण्यासारखं काहीच नाही?

सांगलीत विश्रामबागेतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत नोकरीच्या काळजीपायी जे येतात, त्यातल्या बहुतेकांचं गाऱ्हाणं एकच. "मॅडम, सीव्हीत घालण्यासारखं माझ्याकडे काहीच नाही." नुकती पास झालेली मुलं म्हणतात, मुलं मोठी झाल्यावर पुन्हा कामाला लागू पाहणाऱ्या बायका म्हणतात. पण कुपवाड एमआयडीसीत उमेदीची वर्षं घालवलेला चाळिशीपुढचा माणूस हे म्हणतो, तेव्हा नजर वर करत नाही. अशाच एकांची ही हकिकत, त्यांच्या परवानगीनं आणि ओळखीच्या खुणा बदलून. त्यांना विलासराव म्हणू.

विलासराव मेकॅनिकल डिप्लोमा. सोळा वर्षं एकाच कारखान्यात, क्वालिटीला. ऑर्डरी घटल्या, माणसं कमी केली, त्यात हेही गेले. माझ्याकडे आले ते झोप लागत नाही म्हणून. सीव्हीचा विषय काढला तो वहिनींनी. "रोज फाइल उघडतात नि बंद करतात."

ती फाइल मी मागवून घेतली. वर ठळक अक्षरात 'बायोडेटा', खाली वडिलांचं नाव, धर्म, जात, वैवाहिक स्थिती. रास-नक्षत्र तेवढं राहिलं होतं. छंद, क्रिकेट पाहणे. आणि सोळा वर्षांना मिळून एक ओळ : 'क्वालिटी इन्स्पेक्शनचे काम पाहिले.' प्रशिक्षणाच्या रकान्यात आयएसओ/टीएस १६९४९, म्हणजे वाहनांचे भाग बनवणाऱ्यांसाठीचं जुनं गुणवत्ता मानक. त्याची जागा २०१६ साली आयएटीएफ १६९४९नं घेतली. नव्या मानकाच्या ऑडिटला हे स्वतः उभे राहिले होते, पण कागदावर त्याचा पत्ताच नव्हता.

"हे का नाही लिहिलं?"

"त्यात काय विशेष मॅडम? सगळेच करत होते."

मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारांची, हे लपवत नाही. प्रसंगापेक्षा त्या प्रसंगाबद्दलची हट्टी समजूत माणसाला जास्त खचवते, हे त्यांचं म्हणणं. कि. मो. फडके यांनी ते मराठीत रुजवलं. विलासरावांची समजूत अशी, की मी खरंच कामाचा असतो तर मला काढलंच नसतं. ही समजूत घट्ट बसली, की आपल्याबद्दल चांगली ओळ लिहिणं खोटी साक्ष दिल्यासारखं वाटतं. मग कितीही सुबक नमुना पुढ्यात ठेवा, हात चालत नाही.

"तुमच्याबरोबर आणखी कोण कोण गेलं?"

"वीसेक जण. त्यातला एक टर्नर तर असा, की सांगली-मिरजेत तसा हात मिळायचा नाही."

"मग तोही बिनकामाचा?"

"छे हो!"

"त्याला एक न्याय आणि तुम्हाला दुसरा?"

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मीही घाई केली नाही. मग विचारलं, "तुम्ही रजेवर गेलात, की काय अडायचं?"

पहिल्यांदाच हसले. "फोन यायचे की! बोअर साइजला येईना म्हणून." आणि सांगत सुटले. जेवणाच्या सुट्टीनंतर रिजेक्शन वाढायचं, बोल ऑपरेटरला. हे एक अख्खी शिफ्ट मशिनशेजारी उभे राहिले, दर थोड्या नगांनी बोअर गेज, म्हणजे भोकाचा आतला व्यास मोजायचं साधन, घालत. माझ्या टेबलावरचं पेन उचलून, मुठीच्या पोकळीत घालून त्यांनी दाखवलं. मशिन सकाळभर तापलेलं, मापं त्या तापलेल्या मशिनला जुळवलेली. सुट्टीत ते थंड व्हायचं आणि पुढचे नग बिघडायचे. यांनी नेम घातला : सुट्टीनंतर आधी मशिन रिकामं फिरवायचं, पहिले पाच नग मोजूनच पुढं जायचं. शंभरात आठ जायचे, ते दोनवर आले.

"हेच लिहा. असंच. आधी मराठीत."

गुण विचारले की आपल्याकडचा माणूस आक्रसतो, अडचण विचारली की बोलता होतो. हा प्रश्न मला पुस्तकानं दिलेला नाही, बसता-उठता हाती लागलाय आणि मला त्याचा थोडा अभिमानही आहे. घरी बसून स्वतःलाच विचारा : मी नसताना काय अडायचं? उत्तर दोन ओळींत लिहा, आकडा असेल तर घाला, पण मुलाखतीत उलगडून सांगता येईल तेवढाच. इंग्रजी नंतर करा, म्हणजे 'हार्डवर्किंग', 'डायनॅमिक' अशी उसनी विशेषणं शिरत नाहीत.

बाकीचं सोपं आहे. जात, धर्म, आधार नंबर काढा. शेवटची नोकरी सर्वांत वर. दोन पानांपलीकडे जाऊ नका. जाहिरातीत ज्या कामांची नावं आहेत, त्यातली आपण खरोखर केलेली त्याच शब्दांत येऊ द्या, कारण पुष्कळ कंपन्यांत आधी संगणकच चाळणी लावतो. रुजू झाल्याच्या आणि सोडल्याच्या तारखा ईपीएफओच्या, म्हणजे भविष्य निर्वाह निधीच्या, पोर्टलवर सर्व्हिस हिस्टरीत पाहून घ्या, पडताळणीत नेमक्या तिथंच माणसं अडकतात. मधे खंड असेल तर एका ओळीत कारण सांगून मोकळे व्हा. पीडीएफला स्वतःचं नाव द्या. 'न्यू फायनल टू' नावाच्या फायली मी पुष्कळ पाहिल्यात.

विलासरावांना पुढं शिरवळहून बोलावणं आलं. जायच्या आदल्या दिवशी त्यांचा फोन. "मॅडम, जन्मतारीख काढली, ते वय लपवल्यासारखं नाही ना होत?"

म्हटलं, डिप्लोमाचं साल तिथं आहेच, हिशोब त्यांना येतो. विचारली तर खरी सांगा. आणि तो जेवणाच्या सुट्टीचा किस्सा विचारायची वाट बघू नका.