रिपोर्ट नॉर्मल आला, मग गोळी बंद का नाही?

सीएलएल हा रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा कर्करोग. बहुतेकदा साठीच्या आसपास किंवा पुढे आढळणारा, सावकाश वाढणारा. ज्या घरांत त्याच्या गोळ्या सुरू आहेत तिथून एक प्रश्न मला हमखास येतो: गाठी गेल्या, रिपोर्ट नॉर्मल आला, माणूस हिंडतो-फिरतो, मग गोळी अजून किती वर्षं? काही जण विचारतात, काही जण न विचारताच बंद करतात. न विचारणाऱ्या एका काकांची ही हकिकत. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

काका तासगावकडचे द्राक्ष बागायतदार, वय सत्तरीच्या घरात. पांढऱ्या पेशी वाढल्याचं रक्त तपासताना कळलं होतं, पण त्रास काहीच नव्हता म्हणून काही वर्षं नुसतं लक्ष ठेवलं. सीएलएलमध्ये तशी रीतच आहे. पुढे हिमोग्लोबिन घसरलं, मानेत-काखेत गाठी आल्या, प्लीहा वाढून दोन घासांत पोट भरायला लागलं. तेव्हा डॉक्टरांनी इब्रुटिनिब सुरू केलं, रोज ४२० मिलिग्रॅम.

सुरुवातीला गाठी लहान होत गेल्या, पण पांढऱ्या पेशींचा आकडा उलट चढला आणि घर हादरलं. खरं तर यात घाबरण्यासारखं नव्हतं. कर्करोगाच्या पेशींना जगण्या-वाढण्याचा निरोप पोचवणारं बीटीके नावाचं एक प्रथिन असतं, ते ही गोळी अडवते. मग गाठींत ठाण मांडून बसलेल्या पेशी सुटून रक्तात येतात आणि आकडा काही काळ फुगतो. सूनबाईंना हे समजावलं, त्यांना पटलं. पुढे आकडा उतरलाही.

मग ऑक्टोबर छाटणी आली. फवारणीचा खर्च, मजुरी आणि औषधाचं बिल एकाच महिन्यात. काकांनी कुणाला न सांगता गोळी थांबवली. दोन-तीन आठवड्यांनी दाढी करताना जबड्याखाली गाठ बोटाला लागली, तेव्हा काकूंना सांगितलं, आणि काकू त्यांना घेऊन मिरजेला आल्या. आधी डॉक्टरांकडे, मग माझ्याकडे.

"मॅडम, पोट हलकं झालं, भूक लागायला लागली, रिपोर्ट बी चांगला आला. म्हटलं, जरा ऱ्हाऊ दे."

मी त्यांना विचारलं, पाऊस लागून राहिला असताना पान स्वच्छ दिसतंय म्हणून दावण्याची, म्हणजे द्राक्षावरच्या त्या बुरशीची, फवारणी सोडता का? काका हसले. म्हणाले, "सोडली तर बाग जाईल." रिपोर्ट नॉर्मल दिसतो तो गोळी चालू असते म्हणून. रोग दबलेला असतो, गेलेला नसतो. सलग आठ दिवस किंवा त्याहून जास्त खंड पडलेल्या रुग्णांमध्ये आजार लवकर पुढे सरकल्याचं इब्रुटिनिबच्या एका अभ्यासात दिसलं होतं.

मग काकांनी खरा प्रश्न विचारला: "असं किती वर्षं चालंल?"

याचं उत्तर आकड्यांत देता येतं, म्हणून मी आकडेच सांगितले. पासष्टी गाठलेल्या किंवा ओलांडलेल्या, आधी उपचार न घेतलेल्या २६९ रुग्णांवर 'रेझोनेट-२' ही चाचणी झाली. दहा वर्षांपर्यंत पाठपुरावा झाला. इब्रुटिनिब घेणाऱ्यांपैकी निम्म्या लोकांत ८.९ वर्षं आजार पुढे सरकला नाही. क्लोरॅम्ब्युसिल या जुन्या औषधावर हाच काळ १.३ वर्षं होता. मात्र सतराव्या गुणसूत्राचा तुकडा गळालेले, म्हणजे डिलीशन १७पी असलेले रुग्ण त्या चाचणीत घेतले नव्हते. काकांच्या फिश रिपोर्टमध्ये, म्हणजे गुणसूत्रांच्या तपासणीत, तो दोष नव्हता, म्हणून हे आकडे त्यांना सांगण्याजोगे होते. तुमच्या फाइलमध्ये हा रिपोर्ट आहे का, एवढं जरूर पाहा.

दुसरी बाजूही मी झाकली नाही. दहा वर्षांनी २७ टक्के लोकच त्या गोळीवर होते. काहींचा आजार वाढला, बऱ्याच जणांना त्रासामुळे थांबावं लागलं: हृदयाचे ठोके अनियमित होणं, रक्तस्राव, रक्तदाब. पण तिथे रस्ता संपत नाही. अकॅलाब्रुटिनिब त्याच गटातलं. दोघांची थेट तुलना झाली तेव्हा अनियमित ठोक्यांचं प्रमाण इब्रुटिनिबवर १६ टक्के आणि अकॅलाब्रुटिनिबवर ९.४ टक्के होतं.

"ठरावीक मुदतीचं औषध नाही का?" सूनबाईंनी विचारलं. आहे. व्हेनेटोक्लॅक्स आणि सोबत ओबिनुटुझुमॅबची सलाइनमधून मात्रा, सुमारे वर्षभर, मग बंद. सीएलएल-१४ या चाचणीत असा उपचार घेतलेल्यांपैकी ५३ टक्के लोकांचा आजार सहा वर्षांनीही पुढे सरकला नव्हता. पण पेशी एकदम फुटून मूत्रपिंडावर ताण येऊ शकतो, म्हणून व्हेनेटोक्लॅक्स २० मिलिग्रॅमपासून दर आठवड्याला वाढवत ४०० पर्यंत जातात, वारंवार रक्त तपासतात. कुणाला कोणतं द्यायचं हे वय, मूत्रपिंड, हृदय बघून डॉक्टर ठरवतात. काकांना आहे तेच पुढे चालू ठेवायचं ठरलं.

पैशाचं बोलणं मी मुद्दाम काढते, कारण गोळी चुकते ती बऱ्याचदा तिथेच. भारतात जेनेरिक इब्रुटिनिब मिळतं. आपल्या बाबतीत सरकारी आरोग्य योजनेत काय बसतं ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा, मुख्यमंत्री सहाय्यता निधीचीही चौकशी करा. आणि अडचण आली तर गोळी थांबवण्याआधी सांगा. काकांनी आधी सांगितलं असतं तर कमी किमतीची कंपनी तेव्हाच शोधता आली असती, ती नंतर सापडलीच.

आणखी एक गोष्ट शेतकरी घरांत फार महत्त्वाची. गजकर्णासाठी इट्राकोनॅझोलच्या गोळ्या सर्रास दिल्या जातात. त्यांनी इब्रुटिनिबचं रक्तातलं प्रमाण खूप वाढतं. गावातल्या डॉक्टरांना आपली गोळी आधी दाखवा.

काकांची गोळी सुरू झाली, गाठ बसली. पुढे दाढ काढायची वेळ आली तेव्हा त्यांनी आधी फोन केला. रक्तस्रावाचा धोका म्हणून डॉक्टरांनीच काही दिवस गोळी बंद ठेवायला सांगितली, आणि बंद करायची व सुरू करायची तारीख काकूंनी कॅलेंडरवर लिहून घेतली.