परराष्ट्र व्यवहार समितीसाठी नाव देताना

स. न. वि. वि.

संसदेत पहिल्यांदाच निवडून आल्यावर परराष्ट्र व्यवहार समितीसाठी नाव द्यावे का, असे तुम्ही विचारले आहे. जरूर द्यावे, मात्र या कामावर निवडणूक जिंकता येत नाही, हे आधीच मनाशी धरावे. मतदारसंघातून परदेशात कामाला गेलेला कुणी तिथे अडकला, तर त्याचे घरचे तुमच्याकडे येतील. एरवी या विषयावर तुम्हाला क्वचितच कुणी काही विचारेल.

संसदेचा अधिकार देशागणिक वेगळा असतो आणि आपल्या सभागृहाचा तो नेमका कुठे सुरू होतो, हे सुरुवातीलाच शिकून घ्यावे. जर्मनीत 1994 च्या घटनात्मक न्यायालयाच्या निकालापासून सैन्य परदेशी मोहिमेवर पाठवण्यास बुंडेस्टागची, म्हणजे तिथल्या संसदेची, संमती लागते. ब्रिटनमध्ये 2010 च्या कायद्यानुसार करार अनुसमर्थनापूर्वी, म्हणजे सरकारने त्याला अंतिम मान्यता देण्यापूर्वी, सामान्यतः 21 कामकाजाचे दिवस संसदेपुढे ठेवावा लागतो. त्या मुदतीत कुणी तो वाचून हरकत उपस्थित केली नाही, तर वाट आपोआप मोकळी होते. भारतात सरकार करार करू शकते, पण भूभागाची देवाणघेवाण असेल तर घटनादुरुस्ती लागते. म्हणूनच बांगलादेशाबरोबरचा 1974 चा सीमाकरार 2015 च्या 100 व्या घटनादुरुस्तीनंतरच पूर्णपणे अमलात आला.

अधिकार मोठा असला तरी तो कसा वापरावा, हा प्रश्न उरतोच. पहिल्या महायुद्धानंतरच्या व्हर्सायच्या तहाचे उदाहरण मला फार बोलके वाटते; राष्ट्रसंघाची स्थापनाही याच तहात होती. अमेरिकी सिनेटच्या परराष्ट्र संबंध समितीचे अध्यक्ष हेन्री कॅबट लॉज यांना तहाबरोबर काही अटी जोडायच्या होत्या, तर राष्ट्राध्यक्ष विल्सन त्या अटी मान्य करायला तयार नव्हते. मार्च 1920 मध्ये त्या अटींसह तहाला 49 विरुद्ध 35 मते पडली. म्हणजे बहुमत होते, पण तहाच्या मंजुरीसाठी लागणाऱ्या दोन तृतीयांश मतांना सात मते कमी पडली आणि अमेरिका राष्ट्रसंघाबाहेरच राहिली. यावरून माझे मत असे झाले आहे की, सदस्याने आपली हरकत मसुदा अजून घडत असतानाच मांडावी आणि कोणता बदल केल्यास आपण होकार देऊ, हेही त्याच वेळी स्पष्ट सांगावे. मतदानाच्या दिवशी दोन्ही बाजूंना मागे फिरणे फार कठीण झालेले असते.

समितीपुढे अधिकारी साक्षीला येतील तेव्हा प्रश्न अरुंद ठेवा. 'या देशाबाबत आपले धोरण काय?' असे विचाराल, तर तयार निवेदन वाचून दाखवले जाईल. 'या करारातून बाहेर पडण्यासाठी किती महिने आधी सूचना द्यावी लागते आणि तो निर्णय कोण घेतो?' असे विचाराल, तर उत्तर द्यावेच लागेल. मिळालेले उत्तर तारखेसह वहीत लिहून ठेवा. मंत्री बदलतात, राजदूतांच्या बदल्या होतात आणि आधी दिलेले आश्वासन नव्या माणसाला ठाऊकही नसते. अशा वेळी दहा वर्षे त्याच समितीवर टिकलेला, जुनी वही उघडून बसलेला सदस्य हीच सभागृहाची आठवण असते. हे काम लोकांना दिसत नाही, तरी मी याला भाषणांपेक्षा कितीतरी अधिक मोल देतो.

परदेशी शिष्टमंडळात गेलात की पक्षाची बाजू मागे ठेवावी लागते. 1994 मध्ये काश्मीर प्रश्नावर जिनिव्हाला गेलेल्या भारतीय शिष्टमंडळाचे नेतृत्व पंतप्रधान नरसिंह राव यांनी विरोधी पक्षनेते वाजपेयी यांच्याकडे सोपवले होते, आणि वाजपेयींनीही ते स्वीकारले. सभागृहात सरकारला धारेवर धरण्याचा हक्क त्यामुळे कमी होत नाही. उलट, देशाबाहेर संयम पाळणाऱ्याची टीका घरी अधिक गांभीर्याने ऐकली जाते. खासदारांच्या परस्पर भेटींना केवळ सहली मानणारे बरेच आहेत, आणि काही भेटी तशा असतातही. पण ब्रिटनचे क्रेमर आणि फ्रान्सचे पासी या दोन लोकप्रतिनिधींच्या पुढाकारातूनच 1889 मध्ये आंतरसंसदीय संघ, म्हणजे देशोदेशींच्या संसदांची संघटना, उभा राहिला, हे विसरू नये.

समितीत निवड झाली, तर पहिल्या बैठकीपूर्वी मागील पाच वर्षांचे अहवाल मागवून घ्या आणि सरकारने ज्या शिफारशींना 'विचाराधीन' एवढेच उत्तर दिले आहे, त्यांची यादी करून मला पाठवा. पहिला प्रश्न आपण त्यातूनच निवडू.

कळावे, लोभ असावा.