थांबलेली शाळेची बस, डावीकडून घुसलेली दुचाकी आणि काढून घेतलेली चावी

प्रश्न : आम्ही भांडुप पश्चिमेला राहतो. माझी मुलगी दुसरीत आहे. तिची बस दुपारी सोसायटीच्या फाटकासमोर थांबते. परंतु तिथे रिक्षांची रांग असल्यामुळे बस पदपथापासून दूर उभी राहते आणि मधल्या फटीतून दुचाक्या सर्रास पुढे काढल्या जातात. गेल्या आठवड्यात मुलगी पायरीवरून उतरत असताना अशाच एका दुचाकीचे हँडल तिच्या दप्तराला अडकले. ती पडली, गुडघा आणि कोपर खरचटले. माझ्या पतींनी दुचाकीची चावी काढून घेतली, दोन्ही बाजूंनी शिवीगाळ झाली आणि लोकांनी मध्यस्थी केल्यावर बऱ्याच वेळाने चावी परत दिली. आता त्या तरुणाने पोलीस ठाण्यात अर्ज केला असून पतींना बोलावणे आले आहे. सोसायटीच्या कॅमेऱ्यात सर्व टिपले गेले आहे. पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर ‘शाळेची बस थांबली की मागच्या प्रत्येक वाहनाने थांबलेच पाहिजे, नाहीतर दहा हजार रुपये दंड’ असा संदेश फिरतो आहे. तो खरा आहे का? आम्ही काय करावे?

उत्तर : संदेशापासून सुरुवात करतो, कारण त्याच्या भरवशावर आपण पोलीस ठाण्यात बोलू लागलात तर समोरचा अधिकारी पहिल्याच वाक्याला आपल्याला अडवील. आपल्याकडच्या मोटार वाहन अधिनियम, १९८८ मध्ये थांबलेल्या शालेय बसला ओलांडून जाणे असा स्वतंत्र गुन्हा सांगितलेला नाही. तो नियम अमेरिकेतला आहे. तिथल्या सर्व राज्यांत शाळेच्या बसने तांबडे दिवे लुकलुकवले आणि बाजूचा ‘थांबा’ असा फलक बाहेर काढला, की मागून येणाऱ्या वाहनाला थांबावे लागते. दुभाजक नसलेल्या रस्त्यावर समोरून येणाऱ्यालाही सहसा तेच बंधन असते. दहा हजारांचा आकडा आपल्या कायद्यात जरूर आहे, परंतु तो रुग्णवाहिका किंवा अग्निशमन बंबासारख्या वाहनाला वाट न देणाऱ्यासाठी, तसेच धोकादायक रीतीने वाहन चालवण्याचा गुन्हा तीन वर्षांच्या आत पुन्हा करणाऱ्यासाठी आहे.

स्वतंत्र कलम नाही म्हणून त्या तरुणाने गुन्हाच केला नाही, असा मात्र याचा अर्थ नाही. अधिनियमाचे कलम १८४ धोकादायक रीतीने वाहन चालवण्याविषयी आहे, आणि ती रीत धोकादायक होती की नाही हे ठरवताना जागा कशी होती, तिचा वापर कशासाठी होत होता आणि त्या वेळी तिथे किती वर्दळ असणे अपेक्षित होते, हे सर्व पाहावे, असे ते कलमच सांगते. मुले उतरत असलेल्या बसच्या उघड्या दाराला घासून दुचाकी काढणे यात बसते, याविषयी मला शंका नाही. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कारावास, किंवा एक हजार ते पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. याच्या जोडीला भारतीय न्याय संहितेचे कलम २८१, म्हणजे सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणे वाहन चालवणे, आणि मुलीला प्रत्यक्ष इजा झाल्यामुळे कलम १२५ चा खंड (अ) लागू होतो. कायद्याच्या भाषेत शारीरिक वेदना हीदेखील दुखापतच असते; त्यामुळे ‘नुसते खरचटले आहे’ असे म्हणून कोणी आपली बोळवण करू लागल्यास ती मान्य करू नये.

डावीकडून ओव्हरटेक केले म्हणून नियम मोडला, या मुद्द्यावर मी फारसा भर देणार नाही. ओलांडायचे ते उजवीकडून, हा वाहन चालवण्याविषयीच्या २०१७ च्या विनियमांतील सर्वसाधारण नियम आहे हे खरे. परंतु बस तर उभी होती, मग ओव्हरटेक कुठे केले, असा बचाव समोरचा वकील हमखास घेईल आणि खरा प्रश्न बाजूला राहील. आपल्या तक्रारीचा कणा एवढाच असावा, की बसचे दार उघडे होते, मूल पायरीवर होते, हे समोर स्पष्ट दिसत होते आणि तरीही वाहन थांबवले गेले नाही.

तक्रार लेखी द्यावी. तीत तारीख, वेळ, वाहनाचा क्रमांक, बसचा क्रमांक आणि बसमधल्या मावशींचे साक्षीदार म्हणून नाव असावे. कलम २८१ चा गुन्हा दखलपात्र असल्यामुळे ठाणे अंमलदाराने नुसती एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, करून आपल्याला परत पाठवणे योग्य नाही; फौजदारी कार्यपद्धतीचा कायदा असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे प्रथम खबर (एफआयआर) नोंदवून तिची प्रत आपल्याला विनामूल्य मिळाली पाहिजे. नोंद घेण्यास नकार मिळाल्यास तीच तक्रार परिमंडळाच्या पोलीस उपायुक्तांकडे लेखी पाठवता येते आणि त्यानंतर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. मुलीला अद्याप डॉक्टरांना दाखवले नसेल तर आजच दाखवावे आणि जखमांची नोंद असलेला कागद घ्यावा. खपली धरलेल्या जखमेवरही तसा कागद मिळू शकतो, परंतु महिन्याभराने तो मिळणार नाही. नुकसानभरपाईसाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जाण्याचा मार्ग खुला आहे आणि त्यासाठी सहा महिन्यांची मुदत धरून चालावे. मात्र एवढ्या इजेसाठी तो खटाटोप करावा असे मी सुचवणार नाही.

चित्रीकरणाबाबत घाई करावी. सोसायट्यांच्या कॅमेऱ्यांची नोंद काही दिवसांनी आपोआप पुसली जाऊन तिच्यावर नवी नोंद चढते, आणि आपली घटना होऊन आठवडा उलटला आहे. सेक्रेटरींना आजच लेखी विनंती करून घटनेच्या आधीची व नंतरची दहा-दहा मिनिटे धरून मूळ फाईल पेन ड्राइव्हवर घ्यावी. मोबाइलने पडद्याचे केलेले चित्रीकरण किंवा व्हॉट्सॲपवरून आलेली प्रत यांवर विसंबू नये. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा नोंदीसोबत विहित नमुन्यातील प्रमाणपत्र जोडावे लागते. यंत्रणा ज्यांच्या ताब्यात आहे त्यांनी एका भागावर आणि तज्ज्ञाने दुसऱ्या भागावर सही करायची असते. ही फीत समाजमाध्यमांवर टाकण्याचा मोह होईल, तो आवरावा. तीत इतरांची मुले आहेत, आणि चावी काढून घेण्याचा प्रसंगही तीतच आहे.

आता त्या चावीविषयी. आपल्या यजमानांचा संताप कोणत्याही बापाला समजेल, परंतु कायद्याने त्यांना तो अधिकार दिलेला नव्हता. खासगी व्यक्ती एखाद्याला पकडून पोलिसांच्या हवाली करू शकते ती केवळ तिच्यासमोर दखलपात्र आणि अजामीनपात्र असा गुन्हा घडला असेल तेव्हा, किंवा पकडला जाणारा माणूस उद्घोषित, म्हणजे न्यायालयाने फरार जाहीर केलेला, गुन्हेगार असेल तेव्हा. बेदरकारपणे वाहन चालवण्याचा गुन्हा दखलपात्र असला तरी जामीनपात्र आहे, म्हणून ही सवलत इथे लागू होत नाही. चावी काढून माणसाला जागेवर खिळवून ठेवणे यावर न्याय संहितेच्या कलम १२६ खाली अन्यायाने अटकाव केल्याचा आरोप होऊ शकतो; त्याची शिक्षा एक महिन्यापर्यंत साधा कारावास किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी आहे. खेदाची बाब अशी, की अपघात घडल्यावर जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणे आणि पोलिसांना कळवणे हे मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १३४ नुसार त्या तरुणाचेच कर्तव्य होते. ज्याने कायद्याने थांबायचे होते, त्यालाच ‘मला अडवून ठेवले’ असे म्हणण्याची सोय आपण करून दिली. शिवाय वाहनाचा क्रमांक हाती असताना चावीची गरजही नव्हती, कारण त्या वेळी वाहन कोण चालवत होते हे पोलिसांना सांगण्याचे बंधन त्याच अधिनियमाच्या कलम १३३ ने मालकावर घातले आहे.

तरीही घाबरून जाण्यासारखे काही नाही. बोलावणे टाळू नये. ते तोंडी असेल तर ते लेखी मागावे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ खालील नोटीस असेल आणि तिच्याप्रमाणे यजमान हजर राहिले, तर वेगळी कारणे नोंदवल्याशिवाय त्यांना अटक करता येत नाही. जबाब मोजका असावा : मुलगी खाली पडली होती, समोरची व्यक्ती निघून जाण्याच्या बेतात आहे असे वाटले, गाडीचे किंवा व्यक्तीचे नुकसान केले नाही, चावी तिथेच परत दिली. धक्काबुक्की झालीच नसेल तर तसे स्पष्ट सांगावे. झाली असेल तर चित्रीकरणात दिसणारी गोष्ट नाकारू नये. इतक्या किरकोळ अपायाची समंजस माणूस तक्रार करणार नाही, अशा अर्थाचा बचाव न्याय संहितेच्या कलम ३३ मध्ये आहे. परंतु तो वकिलाने योग्य वेळी मांडायचा असतो, पोलीस ठाण्याच्या बाकावर नव्हे.

तिथे बहुधा ‘दोघेही अर्ज मागे घ्या’ असे सुचवले जाईल. त्याचा विचार जरूर करावा, मात्र एक फरक ध्यानात ठेवावा. अटकावाचा आरोप त्या तरुणाच्या संमतीने आपसात मिटू शकतो. कलम २८१ चा गुन्हा एकदा नोंदवला गेला की पक्षकारांच्या समेटाने मिटत नाही. तो रद्द करून घेण्यासाठी उच्च न्यायालयात जावे लागते. म्हणून समेट करायचाच असेल तर तो आपण तक्रार देण्यापूर्वी व्हावा, आणि न वाचता कोणत्याही कागदावर सही करू नये. माझे वैयक्तिक मत विचाराल तर तो तरुण लेखी दिलगिरी देत असेल आणि मुलीची जखम खरोखर किरकोळ असेल, तर समेट करून आपली ताकद पुढच्या कामासाठी राखावी.

ते काम म्हणजे ती फट बंद करणे. एका दुचाकीस्वाराला दंड झाला, तरी उद्या दुपारी त्याच जागेतून दुसरा येईल. अमेरिकेतला नियम जसाच्या तसा आपल्याकडे आणला तरी तो आपल्याला अर्धाच उपयोगी पडेल, कारण बस ओलांडणाऱ्या वाहनासमोरून रस्ता पार करणारे मूल हा तिथला मुख्य धोका आहे. तो आपल्याकडेही आहे, परंतु आपल्या फाटकासमोर धोका दार आणि पदपथ यांच्या मधोमध आहे. बस कुठे आणि कशी थांबते, यावर तो अवलंबून आहे.

महाराष्ट्राच्या शालेय बसविषयीच्या २०११ च्या नियमांनुसार प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असावी लागते. तीत पालकांचे प्रतिनिधी असतात, तसेच वाहतूक पोलीस आणि परिवहन विभाग यांचेही प्रतिनिधी असतात, आणि थांब्यांचा विषय तिच्याच अखत्यारीत येतो. अनेक शाळांत ती कागदावरच असते, म्हणून बैठकीची लेखी मागणी करावी. मागण्या नेमक्या असाव्यात. थांबा सोसायटीच्या आवारात घेता येत असेल तर सोसायटीने तसा ठराव करावा. बस वळण्यास जागा नसेल तर रिक्षांची रांग संपते तिथपर्यंत तो पुढे न्यावा. बसवाल्या काकांनी बसची मागची डावी बाजू पदपथाला किंवा उभ्या वाहनांना इतकी लगत ठेवावी, की मागून दुचाकीला शिरताच येणार नाही. आणि दार उघडल्यावर आधी मावशींनी उतरावे. मी जे पाहिले आहे त्यात मावशी मुलांचा हात धरण्यासाठी दाराकडे तोंड करून उभ्या राहतात, म्हणजे येणाऱ्या गाडीकडे त्यांची पाठ किंवा खांदा असतो. त्यांनी दाराच्या मागच्या अंगाला, येणाऱ्या वाहनांकडे तोंड करून, हात आडवा धरून उभे राहावे आणि मगच मुलांना एकेक करून उतरू द्यावे. रस्त्याच्या पलीकडे जाणारे मूल मावशींनी स्वतः पार करून द्यावे आणि तोवर बस हलू नये.

रिक्षांसाठी वेगळा अर्ज लागेल. वाहनांच्या वापरावर निर्बंध घालण्याचा अधिकार मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ११५ मध्ये आहे आणि रहदारीचे नियमन करण्याचा पोलीस आयुक्तांचा अधिकार महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३३ मध्ये आहे. सह पोलीस आयुक्त (वाहतूक) यांच्या नावे अर्ज करून त्याची प्रत आपल्या भागाच्या वाहतूक चौकीला द्यावी, आणि शाळा भरण्याच्या व सुटण्याच्या ठरावीक वेळांपुरता फाटकाच्या दोन्ही बाजूंना नो पार्किंग जाहीर करण्याची मागणी करावी. ‘येथे वाहतुकीची गंभीर समस्या आहे’ असे लिहिलेले अर्ज ढिगाने येतात. आपल्या अर्जात रस्त्याची रुंदी, बसगाड्यांच्या वेळा, किती मुले उतरतात आणि वेगवेगळ्या दिवशी काढलेली छायाचित्रे असावीत. पट्टे आखणे आणि पदपथ मोकळा करणे यासाठी महापालिकेच्या विभाग कार्यालयाला त्याचीच प्रत द्यावी. दरम्यान फटीतून घुसणाऱ्या वाहनांची छायाचित्रे राज्याच्या महाट्रॅफिक ॲपवर पाठवता येतात. मात्र छायाचित्रात वाहनाचा क्रमांक आणि बसचे उघडे दार ही दोन्ही दिसली पाहिजेत.

प्रत्येक अर्जाची शिक्का असलेली पोच घ्यावी. महिन्याभरात हालचाल दिसली नाही तर माहिती अधिकार अधिनियम, २००५ खाली त्या पोचेचा क्रमांक देऊन अर्जावर कोणत्या अधिकाऱ्याने कोणत्या तारखेला काय कार्यवाही केली, याची कागदपत्रे मागावीत. त्याला ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते, आणि पडून राहिलेला मूळ अर्जही अनेकदा त्याच काळात टेबलावर येतो.