मंजूर झाले म्हणजे खर्च झाले नव्हे

नमस्कार,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. नाव-गाव छापू नका असं तुम्ही लिहिलंय, ते पाळते. पण इतर वाचकांसाठी थोडं सांगावं लागेल. तुम्ही ग्रामसेवक आहात. कागदोपत्री हुद्दा आता ‘ग्रामपंचायत अधिकारी’ झाला, तरी गाव अजून भाऊसाहेबच म्हणतं. मुलगी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय राज्यशास्त्र. तिला पत्रकारिता शिकायचीय, त्यातही रेडिओ, आणि तिच्याच शब्दांत, ‘गावोगावचा भ्रष्टाचार बाहेर काढायचाय’. तिच्या आईचा कल बँकेच्या परीक्षांकडे. तुम्ही विचारलंय, यात पोट भरतं का आणि जिवाला धोका किती. शेवटी, सहीच्या वर, एक ओळ बारीक अक्षरात आहे: ‘उद्या ती माझ्याच खात्यावर बोलायला लागली तर?’

मी त्या ओळीपासून सुरुवात करते. पत्र तुम्ही त्या ओळीसाठीच लिहिलंय असं मला वाटतं.

ब्राझीलमध्ये २००३ पासून केंद्र सरकारनं एक वेगळाच प्रकार सुरू केला. सोडत काढायची, सोडतीत नाव निघालेल्या नगरपालिकांचे हिशोब तपासायचे आणि अहवाल जाहीर करायचे. २००४ च्या स्थानिक निवडणुकांवर त्याचा काय परिणाम झाला, हे पुढे फेराझ आणि फिनान या दोन अर्थतज्ज्ञांनी तपासलं. ज्या महापौरांच्या कारभारात गैरव्यवहार निघाले, त्यांची पुन्हा निवडून येण्याची शक्यता घटली, आणि गावात स्थानिक रेडिओ केंद्र होतं तिथे ती जास्त घटली. हे अपेक्षितच. पण त्याच अभ्यासात दुसरी गोष्टही दिसली. ज्यांचे हिशोब स्वच्छ निघाले त्यांना फायदा झाला, आणि तोही रेडिओ होता तिथेच जास्त. भाऊसाहेब, तुमच्या पत्रावरून तुम्ही दप्तर नीट ठेवणाऱ्यांपैकी दिसता. गावात चांगला रेडिओ असण्याची गरज तुमच्यासारख्यांना इतरांपेक्षा जास्त आहे. आज सगळ्यांना एकाच मापानं मोजतात, ‘सगळेच खातात’ म्हणतात, आणि त्या वाक्याच्या आडोशाला खरे खाणारे सुखात असतात.

आता मुलीकडे वळते. भ्रष्टाचार ‘बाहेर काढणं’ हा शब्दप्रयोग मला जरा खटकतो. जणू तो कुठे तरी पुरून ठेवलाय आणि हिनं फक्त कुदळ घेऊन जायचंय. बहुतेक वेळा तो उघड्यावर, सही-शिक्क्यानिशी, फायलीत बसलेला असतो. वाचता येणारी माणसं कमी असतात, एवढंच.

हे मी स्वतःच्या फजितीवरून सांगते. या समुपदेशनाच्या कामात येण्याआधी मी एका दैनिकात शिकाऊ वार्ताहर होते. एका वाडीच्या पाणी योजनेचा कागद हाती लागला आणि मी झोकात बातमी दिली: ‘अठरा लाख खर्चूनही नळ कोरडेच’. दुसऱ्या दिवशी शाखा अभियंत्यानं बोलावलं, चहा मागवला आणि फाइल माझ्यासमोर सरकवली. कागद प्रशासकीय मान्यतेचा, म्हणजे नुसत्या मंजुरीचा होता. तांत्रिक मान्यता बाकी, निविदा निघालेली नाही, कार्यारंभ आदेश तर लांबच. एक रुपयाही खर्च झालेला नव्हता. पाचव्या पानावर तीन ओळींचा खुलासा छापला गेला. वाडीत काय पसरलं? ‘पोरीनं पैसे घेतले आणि गप्प बसली.’ दीड वर्षानं ती टाकी खरोखर बांधली गेली, तिच्या मोजमापांत खरोखर गडबड होती, आणि तेव्हा माझ्याकडे बोलायला कुणी तयार होईना.

अंदाजपत्रक, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका, देयक, पूर्णत्वाचा दाखला. ही साखळी तुम्हाला झोपेतही पाठ असेल. पत्रकारितेच्या वर्गात ती सहसा कुणी शिकवत नाही. ‘एमबी’त, म्हणजे झालेलं काम मोजून लिहायच्या मोजमाप पुस्तिकेत, रस्ता सहा इंच जाडीचा लिहिलाय आणि जमिनीवर चार इंचच पडलाय, हे अंतर ज्याला कळतं तोच कामाचा वार्ताहर. तुमच्या घरात हे शिकवणारा माणूस रोज संध्याकाळी जेवायला बसतो. तिला एखादी जुनी, माहिती अधिकारात कुणालाही मिळेल अशी फाइल समोर ठेवून हे शिकवा.

मग रेडिओच का? वर्तमानपत्र आहे, मोबाइल आहे. तर राजस्थानातली एक गोष्ट सांगते. डिसेंबर १९९४ मध्ये पाली जिल्ह्यातल्या कोटकिराना गावात मजदूर किसान शक्ती संघटनेनं जनसुनवाई घेतली. दुष्काळी कामांची मस्टर, म्हणजे मजुरांची हजेरीपत्रकं, आणि बिलं लोकांसमोर मोठ्यानं वाचून दाखवायची, एवढीच त्यातली युक्ती. त्या काळात अशा सुनावण्या गावोगावी झाल्या. नाव पुकारलं की गर्दीतून आवाज यायचा: मी त्या कामावर गेलोच नव्हतो. कुणी म्हणायचं, हा तर केव्हाच वारला. कागद तोच होता, पण कपाटात होता तोवर खरा होता. ज्यांची नावं त्यावर होती त्यांच्या कानावर पडताच तो उघडा पडला. माहिती अधिकाराची चळवळ त्यातून उभी राहिली आणि २००५ चा कायदा त्या वाटेनं आला. महाराष्ट्रानं स्वतःचा कायदा त्याआधी, २००२ मध्येच केला होता. अण्णा हजारेंची उपोषणं त्यामागे होती.

रेडिओ म्हणजे रोजची जनसुनवाई होऊ शकते. वाचता न येणारी आजीही ऐकते, आणि हात कामात असताना ऐकते. पण कानासाठी लिहिणं ही वेगळी विद्या आहे. ‘एक कोटी सदतीस लाख अठ्ठेचाळीस हजार दोनशे रुपये’ असं वाचलं तर ऐकणाऱ्याच्या डोक्यात शेवटी फक्त ‘दोनशे’ उरतं. त्याऐवजी असं सांगून बघा: ‘मोजमाप पुस्तिकेत हा रस्ता सहा इंच जाडीचा आहे. शाळेच्या कोपऱ्यावर त्याची कड उघडी आहे. पट्टी लावून बघा.’ आरोप कुणावर केला नाही, अब्रुनुकसानीची भानगड नाही, आणि दुसऱ्या दिवशी पोरं पट्ट्या घेऊन कोपऱ्यावर हजर.

इथवर मी तिच्या बाजूनं बोलले. आता थोडं पाणी ओतते.

आपल्या देशात रेडिओवर बातम्या देण्याचा हक्क आकाशवाणीकडेच आहे. रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी १९९५ मध्ये म्हटलं. त्यानंतर खासगी एफएम आलं. समुदाय रेडिओचं, म्हणजे आपल्या परिसरापुरत्या छोट्या केंद्रांचं, धोरण आधी शिक्षणसंस्थांसाठी आलं, मग २००६ मध्ये स्वयंसेवी संस्थांसाठीही खुलं झालं. पण यांपैकी कुणालाही स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं लावता येतं. खासगी एफएमच्या नियमांत ‘बातमी नव्हे’ अशा गोष्टींची यादी आहे: हवामान, वाहतूक, परीक्षांचे निकाल, पाणी-विजेच्या सूचना, आणि करिअर मार्गदर्शनसुद्धा! म्हणजे माझं हे उत्तर एफएमवर बेधडक वाचता येईल, तुमच्या मुलीची बातमी नाही. या बंदीला आव्हान देणारी याचिका २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेली. बंदी मात्र उठलेली नाही.

तरी वाट अगदीच बंद नाही. तेलंगणात माचनूरला २००८ मध्ये सुरू झालेला संघम रेडिओ दलित शेतकरी बायका चालवतात. आपल्याकडे म्हसवडला ‘माणदेशी तरंग’ आहे, जत तालुक्यात जालिहाळला ‘येरळावाणी’ आहे. शंभर वॅटचा ट्रान्समीटर, दहा-पंधरा किलोमीटरचा पल्ला. अशा केंद्रावर ‘घोटाळा’ हा शब्द उच्चारता येत नसेल, पण घरकुलाचा हप्ता कोणत्या टप्प्यावर किती मिळायला हवा हे सांगता येतं, आणि गटविकास अधिकाऱ्यांना बोलावून श्रोत्यांचे प्रश्नही त्यांच्यापुढे ठेवता येतात. हक्काचा आकडा एकदा माहीत झाला की माणूस पुढचं स्वतः विचारतो. छत्तीसगडमध्ये शुभ्रांशु चौधरी यांनी २०१० मध्ये ‘सीजीनेट स्वर’ सुरू केलं, तेव्हा त्यांनी ट्रान्समीटरच वगळला. साध्या मोबाइलवरून फोन करायचा, आपली तक्रार गोंडीत नाही तर हिंदीत बोलायची, संपादक ती पडताळतात, मग ती कुणालाही फोनवर ऐकता येते. थकलेली मजुरी, बंद हातपंप, न मिळालेलं रेशन अशा गोष्टी त्यातून मार्गी लागल्या. तिला रेडिओ हवाय, तर तिनं रेडिओचा हा अर्थही डोक्यात ठेवावा.

(एक गोष्ट तिला जरूर सांगा. रेडिओ आपोआप लोकशाहीच्या बाजूचा नसतो. रवांडात १९९४ च्या नरसंहारात आरटीएलएम नावाच्या केंद्रानं लोकांना मारायला चिथावलं, आणि त्यामागच्या लोकांना आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणानं २००३ मध्ये दोषी ठरवलं. आवाज चांगला आहे म्हणून माइक द्यावा असं काही नाही.)

शिक्षणाचं थोडक्यात सांगते. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट म्हणून ओळखला जाणारा विद्यापीठाचा संज्ञापन आणि वृत्तपत्रविद्या विभाग आहे. पदवीनंतर तिथे एम.ए. करता येतं. अमरावतीला भारतीय जनसंचार संस्थेचं केंद्र आहे आणि तिथला मराठी पत्रकारितेचा पदविका अभ्यासक्रम तिच्यासाठी मला जास्त जवळचा वाटतो. प्रवेशाची पद्धत बदलत असते, ती संबंधित वर्षाची माहितीपुस्तिका बघूनच ठरवा. फक्त ‘रेडिओ जॉकी’ घडवणारे तीन महिन्यांचे महागडे वर्ग मात्र टाळा. तिथे बोलायला शिकवतात. तिला विचारायला शिकायचंय.

पैशाचं खरं सांगते: सुरुवातीला बेताचेच. समुदाय रेडिओवर मानधन तुटपुंजं असतं. आकाशवाणीत नैमित्तिक उद्घोषक किंवा जिल्ह्याचा अंशकालीन वार्ताहर हे काम अनुभवासाठी उत्तम, पण त्यावर घर चालत नाही. जिल्हा दैनिकं, वृत्तसंकेतस्थळं, पॉडकास्ट, सामाजिक संस्थांचे संवाद विभाग अशी दोन-तीन कामं जोडून बहुतेकांचं निभतं. म्हणून तिच्या आईचं म्हणणं मी धुडकावणार नाही. पदविकेचं वर्ष संपल्यावर दोन वर्षांची मुदत ठरवा. तोवर घरचा आधार, त्यानंतर तिचं तिनं बघायचं. बँकेच्या परीक्षेची वयोमर्यादा तोवर काही निसटत नाही. आणि ताळेबंद वाचता येणारा पत्रकार कुणाला नको असतो?

धोका आहे. नाही म्हटलं तर तुम्हीच विश्वास ठेवणार नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये राजापूरला शशिकांत वारिसे या पत्रकाराला गाडीखाली चिरडलं गेलं, आणि आरोप ज्याच्यावर आहे त्याच्याबद्दलचीच बातमी त्यांनी दिली होती. महाराष्ट्रात पत्रकारांवरील हल्ल्यांविरुद्ध २०१७ चा कायदा आहे, पण कायदा माणूस गेल्यावर धावतो. रोजच्या सवयी जास्त उपयोगी पडतात: एकटीनं जायचं नाही, कागदाच्या प्रती दोन ठिकाणी ठेवायच्या, मोठी गोष्ट दुसऱ्या पत्रकारालाही माहीत असू द्यायची. लाच मागितल्याची तक्रार असेल तर तक्रारदाराला लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या १०६४ वर फोन करायला सांगायचं. सापळा लावणं हे पत्रकाराचं काम नाही.

आता पुन्हा तुमची ती बारीक ओळ. नियम सोपा आहे आणि तो आजच, तिघांनी बसून ठरवा. तुमच्या ग्रामपंचायतीवर ती कधीही बातमी करणार नाही. तसं काही हाती आलं तर दुसऱ्या वार्ताहराकडे देईल आणि संपादकाला कारण स्पष्ट सांगेल. तुम्ही तिला कागद वाचायला शिकवाल, पण कार्यालयातला एकही कागद घरी आणून देणार नाही. तिला हवा असेल तो कागद ती माहिती अधिकारातच मागेल, अगदी तुमच्या शेजारच्या टेबलावर असला तरी.

शेवटचं तिच्यासाठी. ताई, परीक्षा संपली की प्रवेश अर्ज भरण्याआधी एवढं कर. दुसऱ्या तालुक्यातलं एखादं गाव निवड. तिथलं गेल्या वर्षी पूर्ण झालेलं एकच काम घे, आणि त्याचं अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिकेची प्रत आणि देयक एवढंच माग. आपल्या राज्याच्या नियमानुसार अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांत बसला पाहिजे, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लाव, पोच घे. तीस दिवस थांब. उत्तर आलं नाही तर प्रथम अपील. कागद मिळाले की मोजपट्टी घेऊन जागेवर जा. मग साठ सेकंदांत वाचून होईल एवढं लिही, विशेषणं न वापरता, आणि बाबांना ऐकव. कागद त्यांना दाखवू नकोस, फक्त ऐकव. ‘मंजूर’ आणि ‘खर्च’ कुठे गल्लत झाली असेल तर ते मध्येच थांबवतील. थांबवलं नाही, तर ते रेकॉर्ड करून मला पाठव.